ट्रेलरसाठी ट्रक घेताय? आधी दार उघडून बघा

अमेरिकेतल्या ट्रकच्या जाहिरातीत एक आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो: हा ट्रक किती ओढतो. फोर्डच्या एफ-४५० चा कमाल आकडा ४०,००० पाउंड आहे, म्हणजे १८ टनांहून जास्त. आकडा खोटा नाही, पण सुट्टीत ट्रेलर घेऊन योसेमिटीला किंवा स्मोकी माउंटन्सला जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा फारसा उपयोगही नाही. त्यांचा ट्रक ओढण्यात सहसा कमी पडत नाही, वजन पाठीवर घेण्यात कमी पडतो. ट्रेलरच्या वजनातला काही भाग हिचवरून, म्हणजे ट्रक-ट्रेलरच्या जोडणीवरून, ट्रकच्या मागच्या आसावर येतो. त्यात घरातली माणसं, कूलर, जनरेटर, सायकली आणि सरपण यांची भर पडली की ट्रकची मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतसुद्धा नाही.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर इंजिनावरचं झाकण उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेला एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पाउंडांच्या वर जाऊ देऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात. हा आकडा त्या मॉडेलचा नसून तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्याच एका ट्रकचा असतो. शेजारीच उभा असलेला, त्याच नावाचा पण सनरूफ, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या आणि चामडी सीटवाला ट्रक दोन-तीनशे पाउंडांनी कमी पेलतो, कारण हा सगळा थाट पेलोडमधूनच वजा होतो. विक्रेता ब्रोशर पुढे करेल. त्याला हसून बाजूला ठेवा आणि स्टिकरचा फोटो काढा.

त्याही आधी ट्रेलर ठरवा. बऱ्याच घरांत याच्या उलट होतं. ट्रक आधी दारात येतो, मग त्याला शोभेल असा ट्रेलर शोधायला मंडळी बाहेर पडतात, आणि शोभणारा ट्रेलर नेहमीच चार फूट जास्त लांब निघतो. ट्रेलर निवडताना ब्रोशरमधलं कोरं वजन विसरून जा. ते कारखान्यातून बाहेर पडतानाचं असतं. त्यात पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं, किराणा यांतलं काहीच नसतं. पाण्याचा एक गॅलन ८.३ पाउंडांचा. चाळीस गॅलनांची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच गेले. आपल्या मंडळींचं सामान तर आणखी वेगळं: कुकर, मिक्सर, तांदळाची २० पाउंडांची पिशवी, चहाचं सगळं साहित्य, शिवाय पाऊस आला तर म्हणून घेतलेलं बरंच काही. एका कुटुंबाचं हजार-दीड हजार पाउंड सामान सहज होतं. तेव्हा हिशेब ट्रेलरच्या कमाल वजनावर, म्हणजे त्याच्या अंगावरच्या स्टिकरवर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ म्हणून छापलेल्या आकड्यावर करावा. फार तर त्याहून थोडा कमी धरावा.

आता गणित प्रत्यक्ष मांडून बघू. ८,००० पाउंड कमाल वजनाचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आणि भरल्यावर तो ७,६०० पाउंडांचा झाला. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भाग हिचच्या बॉलवर यावा लागतो. त्याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरले तर साधारण १,००० पाउंड. वजन वाटून देणारा हिच स्वतः शंभरेक पाउंडांचा. आई-वडील, दोन वाढती मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजी, मिळून ७०० पाउंड. मागच्या हौद्यात जनरेटर, सायकली, सरपण, कूलर असे ३००. एकूण झाले २,१०० पाउंड. आजींना ट्रेलरमध्ये पलंगावर आडवं करून नेता येईल असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. कॅलिफोर्नियात चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे, आणि जिथे कायदा सैल आहे तिथेही ते धोक्याचंच.

हे २,१०० पाउंड कोण पेलेल? एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० यांना हाफ-टन म्हणतात. चार दारांच्या, बऱ्यापैकी सजवलेल्या हाफ-टन ट्रकचा पेलोड बहुतेक वेळा १,४०० ते १,८०० पाउंडांच्या दरम्यान असतो. ब्रोशरात हाच ट्रक ११,००० पाउंड ओढतो असं लिहिलेलं असेल आणि ८,००० चा ट्रेलर म्हणजे किरकोळ, असं तुम्हाला वाटेल. पण मागचा भाग खाली बसलेला, पुढची चाकं हलकी झालेली आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, अशा अवस्थेत तो घाटात उतरत असेल. इथून हेवी-ड्यूटीची गरज सुरू होते: एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो किंवा सिएरा २५०० एचडी. यांना थ्री-क्वार्टर टन म्हणतात आणि ३५० किंवा ३५०० वाल्यांना वन-टन. टनांची ही नावं जुन्या काळची आहेत, आजच्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही.

इथे एक सापळा आहे, आणि पैसे भरपूर असलेली माणसं त्यात हमखास अडकतात. बऱ्याच थ्री-क्वार्टर टन ट्रकचं सामानासकटचं कमाल वजन १०,००० पाउंडांवर बांधलेलं असतं, कारण त्या रेषेच्या वर काही राज्यांत नोंदणीचे नियम आणि शुल्क बदलतं. आता त्याच ट्रकमध्ये डिझेल इंजिन घातलं तर ते गॅसच्या, म्हणजे आपल्या पेट्रोलच्या, इंजिनापेक्षा काहीशे पाउंड जड असतं. वरची मर्यादा तीच राहिली, खालचं रिकामं वजन वाढलं, मग मधला पेलोड आकसणारच. सर्वांत महागड्या सजावटीचा डिझेल २५०० घेतलात तर पेलोड २,००० च्या आसपास येऊन ठेपलेला दिसेल. म्हणजे वर मांडलेल्या कुटुंबाला तो पुरत नाही, आणि त्याच कंपनीचा साधा, गॅसवरचा २५०० आरामात पुरतो, कारण त्याचा पेलोड ३,००० च्या घरात असू शकतो. डिझेलच हवं असेल तर सरळ वन-टन घ्या. किमतीतला फरक एकूण रकमेच्या मानाने थोडा असतो आणि बाहेरून बघणाऱ्याला तो ट्रक वेगळा ओळखूही येत नाही. १०,००० पाउंडांच्या वरच्या ट्रकवर तो पिवळा स्टिकर बंधनकारक नाही. तिथे चौकटीवरच्या दुसऱ्या पट्टीवरचं कमाल वजन बघायचं आणि त्यातून, इंधनाची टाकी भरून काट्यावर केलेलं ट्रकचं वजन वजा करायचं.

फिफ्थ व्हील ट्रेलर घेणार असाल तर थ्री-क्वार्टर टन की वन-टन हा प्रश्न उरतच नाही. त्याचा हिच ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर बसतो, म्हणून तो रस्त्यावर जास्त स्थिर चालतो. पण त्याच्या वजनातला पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, थेट ट्रकवर येतो. १२,५०० पाउंडांच्या फिफ्थ व्हीलचे अडीच ते पावणेतीन हजार पाउंड, हिचचे दीडशेच्या पुढे, वर माणसं. ही बेरीज साडेतीन हजारांकडे झुकते. एवढं पेलायला वन-टनच लागतो. ट्रेलर १५,००० च्या पुढे गेला की मागे चार चाकांचा ट्रक, ज्याला ड्युअली म्हणतात, तो बघावा. ड्युअली घाटात आडव्या वाऱ्यात खांबासारखा उभा राहतो, पण इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी तो घेऊन जाऊन बघा. रोज ऑफिसला तोच ट्रक न्यायचा असेल तर मी ड्युअलीचा सल्ला देणार नाही.

डिझेल की गॅस, यावर दोन ट्रकवाले भेटले की संध्याकाळ सरते. पुण्यात वाढलेल्या माणसाचा कौल बहुधा आधीच ठरलेला असतो. किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ साली उभी राहिली, कोथरूडचा तो कारखाना त्याने येता-जाता पाहिलेला असतो, आणि इथे रॅमच्या बॉनेटखाली तेच नाव दिसलं की जीव हरखतो. १९८९ च्या मॉडेलपासून या ट्रकांत कमिन्सचं डिझेल इंजिन मिळतं. फोर्डचं ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक आणि जीएमचं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स हे त्याचे स्पर्धक. तिन्ही चांगली आहेत, आणि त्यांच्यातल्या चुरशीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. प्रश्न डिझेल लागतंच का, हा आहे.

ते लागतं उंचावर आणि उतारावर. टर्बो नसलेलं गॅस इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आय-७० वरचा आयझेनहावर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. फोर्डच्या ७.३ लिटरच्या गॅस इंजिनाचे ४३० हॉर्सपॉवर तिथे पोचेपर्यंत ३०० च्या जवळ आलेले असतात. ट्रक चढतो, पण मोठ्याने ओरडत, उजव्या लेनमधून. डिझेलला टर्बो असल्यामुळे त्याला विरळ हवा फारशी जाणवत नाही. उतारावरचा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. या डिझेल ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक असतो. बटण दाबून ठेवलं की टर्बोची पाती मिटतात, इंजिनच वेग धरून ठेवतं आणि सात टक्क्यांच्या उतारावर ब्रेकला पाय लावायची वेळ क्वचित येते. गॅसच्या ट्रकमध्येही टो-हॉल मोड लावला की गिअर आपोआप उतरतात आणि काम होतं, फक्त इंजिन ४,००० फेऱ्यांवर किंचाळतं आणि मागच्या सीटवरून ‘काही बिघडलं का रे?’ असा आवाज येतो. काही बिघडलेलं नसतं.

उलट बाजूही बघा. डिझेल इंजिनासाठी किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास किंवा वर वाढते. त्यात डीईएफ नावाचं युरियाचं द्रावण वेगळं भरावं लागतं, तेल जास्त लागतं, फिल्टर महाग. आणि एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारी जाळी असते, ती स्वतःला जाळून स्वच्छ करते, पण त्यासाठी ट्रक मोठ्या रस्त्यावर तापून पळावा लागतो. घर ते शाळा, शाळा ते ट्रेन स्टेशन एवढ्याच फेऱ्या झाल्या तर ती जाळी तुंबते आणि दुरुस्तीचं बिल हजारांत येतं. माझं मत सरळ आहे. ट्रेलर १०,००० पाउंडांच्या आत असेल, वर्षातून मोजक्या सहली असतील आणि टेक्सास-फ्लोरिडासारखा सपाट मुलूख असेल तर गॅसचा ट्रक घ्या आणि उरलेल्या पैशांत अनेक वर्षं भटका. कोलोरॅडो, सिएरा नेवाडा किंवा युटाचे घाट वारंवार चढायचे असतील आणि मागे जड फिफ्थ व्हील असेल तर डिझेलला पर्याय नाही. विजेवरचा पिकअप ओढतो जोरात, पण ट्रेलर लावला की त्याची धाव निम्म्यावर येते, आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही. आज तरी कॅम्पिंगच्या मोठ्या ट्रेलरसाठी मी तो सुचवणार नाही.

कंपन्यांचे ओढण्याचे आकडे कुठून येतात हेही माहीत असलेलं बरं. त्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं प्रमाण आहे. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावरून बेतलेली आहे: बुलहेड सिटीकडून निघून ११.४ मैलांची चढण, १०० अंश फॅरनहाइटचं ऊन, एसी पूर्ण सोडलेला, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही (ड्युअलीला ३५). परीक्षा कडक आहे यात शंका नाही. पण त्यात ट्रकमध्ये १५० पाउंडांची दोनच माणसं धरतात. मुलं, आजी, सायकली त्या हिशेबात नाहीत.

आता ज्या गोष्टी फॉर्मवर एका खुणेने ठरतात आणि नंतर सहजासहजी बदलता येत नाहीत, त्या पाहू. मागच्या आसाचं गुणोत्तर: ३.५५ पेक्षा ३.७३ किंवा ४.१० ओढायला बरं, गॅसच्या इंजिनाला तर हवंच. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर कारखान्यातूनच डॅशबोर्डवर बसवलेला घ्या. बाहेर काढता येणारे मोठे आरसे घ्या. फिफ्थ व्हीलचा विचार पाच टक्के जरी असला तरी हौद्यातली हिचची कारखान्याची जोडणी आत्ताच मागा. फोर-व्हील ड्राइव्हने पेलोड थोडा घटतो, पण ओल्या गवतावरच्या कॅम्पसाइटमधून ट्रेलर बाहेर काढताना त्याची किंमत वसूल होते.

हौद्याची लांबी हा खरा विचार करण्याचा मुद्दा. आठ फुटांचा हौदा असेल तर फिफ्थ व्हीलचं नाक वळणावर ट्रकच्या मागच्या काचेला लागत नाही, आणि चाकांमधलं अंतर वाढल्याने ट्रक स्थिर चालतो. चार दारांच्या एफ-२५० मध्ये ते अंतर १६० वरून १७६ इंचांवर जातं. पावणेसात फुटांच्या हौद्यात मागे सरकणारा हिच लागतो. पण लांबीची किंमत भलत्याच ठिकाणी मोजावी लागते. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या ॲव्हलांच ते रायझिंग सन या पट्ट्यात २१ फुटांहून लांब आणि आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही. ट्रेलर अर्थातच खाली कॅम्पसाइटवर ठेवून जायचं असतं. चार दारांचा, छोट्या हौद्याचा एफ-२५० सुमारे २० फूट १० इंच भरतो, म्हणजे दोन इंचांनी सुटतो, तेही टोइंगचे आरसे मिटले तरच. आठ फुटांच्या हौद्याचा २२ फूट २ इंच, त्याच्या मालकाला शटल बसने जावं लागतं. नॅशनल पार्कच हिंडायची असतील आणि ट्रॅव्हल ट्रेलर असेल तर मी छोटा हौदा घेईन. तो ट्रकही बहुतेक घरांच्या गॅरेजमध्ये मावत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. एचओएच्या, म्हणजे घरांच्या सोसायटीच्या, नियमांत ट्रेलर दारासमोर चालतो का, तेही बघा. चालत नसेल तर दर महिन्याचं स्टोरेजचं भाडं बजेटमध्ये धरा.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथे पिकअपला व्यावसायिक नंबरप्लेट आणि वजनावरचं शुल्क लागतं, घरगुती वापर असला तरी. ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल. साध्या क्लास सी परवान्यावर १०,००० पाउंडांपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड पण १५,००० च्या आतल्या फिफ्थ व्हीलला वेगळी परीक्षा देऊन शेरा घ्यावा लागतो, आणि १०,००० वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला नॉन-कमर्शियल क्लास ए परवाना.

ट्रक आणि ट्रेलर दोन्ही घरी आले की पहिल्या सहलीला जसं भरून निघायचं तसं भरा आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा गाठा. पंधराएक डॉलरमध्ये ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वेगवेगळी वजनं छापून मिळतात. लगेच केलेलं दुसरं वजन आणखी स्वस्त पडतं. एकदा ट्रेलर लावून, वजन वाटणाऱ्या पट्ट्या सोडून वजन घ्या. मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसत्या ट्रकचं घ्या. समजा ट्रेलर लावल्यावर ट्रकचे पुढचे ४,०५० आणि मागचे ४,८७० मिळून ८,९२० आले, आणि ट्रेलरच्या चाकांवर ६,५८०. नुसता ट्रक ७,९०० भरला. तर ८,९२० वजा ७,९००, म्हणजे १,०२० पाउंड हे तुमचं खरं टंग वेट. ट्रेलर एकूण ७,६०० चा आणि प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या किंचित खाली. छान. पुढच्या आसाचं वजन ट्रेलर लावल्यावर किती घटलं तेही बघा. पट्ट्या ताणल्यावर त्यातलं बरंचसं परत पुढे यायला हवं.

टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली आलं तर गंभीरपणे घ्या. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, तसंच इथे होतं, फक्त ताशी ६० मैलांच्या वेगाने. ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. कारण बहुधा साधं असतं: सायकलींचा स्टँड ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावलेला, किंवा पाण्याची टाकी मागच्या बाजूला आणि ती भरलेली. सामान पुढे घ्या, पुन्हा वजन करा. आणि रस्त्यात हेलकावा सुरू झालाच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने झगडू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चाक सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरवरची खटकी हाताने दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतील आणि तो ताणला जाऊन सरळ होईल. ही खटकी कुठे आहे हे ट्रक घेतल्याच्या दिवशीच, पार्किंगमध्ये उभं असताना, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हाताने चाचपून ठेवावं.

जुना ट्रक बघत असाल तर हौद्यात फिफ्थ व्हीलच्या पट्ट्यांची भोकं शोधा. ती असणं दोष नाही, पण मग गिअरबॉक्सच्या तेलाची सर्व्हिस कधी झाली ते कागदावर मागा. न्यू जर्सी, मिशिगन, ओहायो अशा बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतला ट्रक असेल तर वीस डॉलरची बॅटरी घेऊन खाली झोपा आणि चौकट, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगच्या पट्ट्या स्वतः बघा. वरचा रंग कितीही चकचकीत असो, खाली पापुद्रे सुटत असतील तर उठा आणि पुढचा ट्रक बघा.